गोनेसचा पंचनामा

चित्रांच्या पुस्तकातली मेंढी हसते. फुग्याखाली लटकवलेल्या वेताच्या पिंजऱ्यात ती बसलेली असते, शेजारी बदक नि कोंबडा, खाली राजा-राणी माना वर करून उभे, आणि ही बया खुशीत. पावसाळा सरला की आमच्या खामगावच्या रस्त्यांवरून धनगरांचे कळप जाताना दिसतात. बरीच वर्षं बघतोय, पण त्यांतल्या एकाही मेंढीच्या तोंडावर मला हसू दिसलेलं नाही. मेंढीचा चेहरा मुळातच तक्रारीचा. पण फुग्यांच्या इतिहासावरचं मुलांचं कुठलंही चित्रपुस्तक उघडा, 1783 सालची ती मेंढी प्रसन्नच असणार.

ती खरोखरची मेंढी होती, हे आधी सांगायला हवं. 19 सप्टेंबर 1783 ला व्हर्सायच्या राजवाड्यापुढे, सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांच्या देखत, मोंगोल्फिए बंधूंनी मेंढी, बदक आणि कोंबडा अशी तीन जणांची तुकडी आभाळात धाडली. त्यामागे विचार होता. बदकाला उंचीची सवय, त्यामुळे त्याला काही झालंच तर दोष फुग्याचा. कोंबडा पक्षी खरा, पण उंच न उडणारा. आणि मेंढी आपल्यासारखी जमिनीवरची, म्हणून तिच्यावरून माणसाचा अंदाज बांधायचा. फुगा सुमारे आठ मिनिटं हवेत राहिला, साडेतीनेक किलोमीटर गेला आणि जंगलात उतरला. तिघंही जिवंत. कोंबड्याचा पंख तेवढा दुखावलेला निघाला. विद्वानांनी उंचीच्या परिणामांवर डोकी खाजवली, मग कळलं की निघण्याआधीच मेंढीने त्याला लाथ घातली होती. मेंढी किती उंच गेली? साडेचारशे मीटरच्या आसपास. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला आलं तर आपण त्याहून थोडेसेच कमी वर येतो, तेही तिकीट काढून.

ही गोष्ट मी ओसरीवरच्या पोरांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळ्यात धाकट्याने विचारलं, "मेंढीले इचारलं होतं काय?"

फुग्यांच्या इतिहासावर जाड जाड ग्रंथ आहेत. हा प्रश्न त्यांत कुणी घेतला असेलसं वाटत नाही.

ही पुस्तकं माझ्याकडे येतात भाचीकडून. ती परदेशी असते, तिची मुलं मोठी झाली, आणि घरात न मावणारी चित्रपुस्तकं ती दर फेरीत मामाच्या माथी मारते. इंग्रजी मजकूर मी मनात वाचतो, मराठीत सांगतो, आणि पोरं वऱ्हाडीत उलटतपासणी घेतात. मूळ लेखकांना आपल्या वाक्यांचं पुढे काय होतं हे कळलं तर ते हक्क परत मागतील. त्यांतलं मार्जोरी प्राइसमन या बाईंचं 'हॉट एअर' 2005 सालचं. पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डिकॉट सन्मान मिळाला, म्हणजे अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांचा मोठा मान. यात फुग्याच्या पहिल्या सफरीची हकीकत आहे, आणि ती 'बव्हंशी खरी' आहे असं मुखपृष्ठावरच छापलेलं आहे. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. मेंढी, बदक नि कोंबडा वर असताना काय काय घडलं याची नोंद ठेवायला तिथे कुणी नव्हतं, तेव्हा बाईंनी ते भाग बिनदिक्कत रचले आहेत. आमच्याकडे अशी सवलत कुणी घेत नाही. पारावर सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट संपूर्ण खरी असते आणि सांगणाऱ्याच्या आत्तेभावाने ती डोळ्यांनी पाहिलेली असते.

वाचनाचा हंगाम म्हणजे मे महिना. शाळा बंद, बाहेर ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, म्हणून पोरं ओसरीवर. कूलरपुढची जागा कुणाची यावर आधी भांडण होतं, मग पुस्तक. गरम हवा हलकी असते आणि वर जाते, एवढं माझं सांगून होतं न होतं तोच एकाने शंका काढली, "आबाजी, आपल्या खामगावातली हवा तं गरमच हाये. मंग खामगाव काहून नाही उडत?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात सगळं शास्त्र आहे. फुगा उडतो तो उष्णतेवर नाही, फरकावर. फुग्यातली हवा साधारण 100 अंशांपर्यंत तापवतात. बाहेर डिसेंबरातल्या पहाटेची 10 अंशांची गार, जड हवा असेल तर आतली एक घनमीटर हवा 300 ग्रॅमच्या आसपास वजन उचलते. तेच बाहेर मे महिन्यातली 44 अंशांची हवा असेल तर तीही आधीच विरळ झालेली, आणि उचल येते जेमतेम 160-165 ग्रॅमवर. म्हणजे जवळजवळ निम्मी. टोपली, शेगडी आणि चार माणसं उचलायला हजारो घनमीटर हवा का लागते ते यावरून ध्यानात यावं. सबब फुगे उडवायला आमचं खामगाव हिवाळ्यात उत्तम आणि उन्हाळ्यात कुचकामी. उन्हाळ्यात आम्हीही कुचकामीच असतो.

मोंगोल्फिएंना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत अशी की धुरातच काहीतरी उचलणारं द्रव्य आहे. म्हणून ते मुद्दाम ओला पेंढा नि लोकर जाळून दाट, घाण वासाचा धूर करायचे. आमच्याकडे असते तर पऱ्हाट्या पेटवल्या असत्या आणि शेजारच्या घरातून भांडण आलं असतं. समजूत साफ चुकीची, फुगा मात्र वर गेला. हे वाचलं की मला आमच्या काही नेत्यांविषयी जरा आशा वाटू लागते.

माझं आवडतं चित्र व्हर्सायचं नाही. त्याआधीचं आहे, 4 जून 1783 चं. अनोने नावाच्या लहान गावात, बाजारचौकात, जोसेफ आणि एतिएन या दोघा भावांनी पहिल्यांदा लोकांपुढे रिकामा फुगा उडवला. घराण्याचा धंदा कागदाचा, त्यामुळे गोणपाटासारखं जाडं कापड आणि आतून कागदाचे पातळ थर. हे सगळं शिवलेलं नव्हतं. तुकडे एकमेकांना बटणांनी जोडलेले होते, सुमारे 1800 बटणं. दहा मिनिटं तो हवेत होता आणि दोनेक किलोमीटरवर उतरला. मी बटणांचा आकडा मोठ्या थाटात सांगितला. त्यावर एक पोरगी, जिची आई शिवणकाम करते, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मंग काजं कोनं केले?"

1800 बटणं म्हणजे 1800 काजं. काज म्हणजे आधी कातरणं, मग कडेने सुई घालून एकेक टाका घट्ट बसवणं. जाड्या कापडावर, आत कागद असताना, हाताने. तिची आई ब्लाउजाच्या काजांचे वेगळे पैसे घेते, म्हणून तिला तो हिशेब ताबडतोब दिसला. बटणांचा उल्लेख पुस्तकं कौतुकाने करतात. काजं कुणी केली, त्या बायांना दिवसाचे किती सू, म्हणजे तिथले पैसे, मिळाले, यावर चित्र नाही. चितारणाऱ्याने काढायचं मनात आणलं तर काय सुंदर पान होईल ते! लांबच लांब पसरलेलं कापड, त्यावर वाकलेल्या बाया, आणि कोपऱ्यात दोघे भाऊ हवेविषयी चुकीचं बोलत बसलेले.

दुसरं पुस्तक मॅथ्यू ओल्शन यांनी लिहिलेलं आणि सोफी ब्लॅकॉल यांनी चितारलेलं, 'अ व्हॉयेज इन द क्लाउड्स'. 7 जानेवारी 1785 ला ब्लांशार हा फ्रेंच उडाणटप्पू आणि त्याचा पैसेवाला जोडीदार डॉक्टर जेफ्रीज यांनी इंग्लंडहून फ्रान्सला समुद्रावरून फुगा नेला, त्याची गोष्ट. पैसा सगळा जेफ्रीजचा, मान मात्र एकट्याला हवा म्हणून ब्लांशारने अंगरख्याआड शिशाचा पट्टा बांधून 'दोघांचं वजन पेलत नाही' असं भासवायचा घाट घातला होता, असं सांगतात. पोरांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटतो. समुद्राच्या मधोमध फुगा खाली येऊ लागला. मग एकेक जिन्नस बाहेर: वाळूच्या पिशव्या, वल्ही, सजावट, शेवटी अंगावरचे कपडे. तेवढ्यानेही भागेना तेव्हा दोघांनी लघवी करूनही वजन घटवलं, आणि डॉक्टरसाहेबांनी तिचं वजन अंदाजे पाच-सहा पौंड अशी शास्त्रीय नोंद करून ठेवली. हे पान आमच्याकडे निदान तीनदा वाचावं लागतं आणि दर वेळी हशा तेवढाच असतो. मला त्यावरून पूर्वीची राजूर घाटातली एसटी आठवते. चढावर गाडीने मान टाकली की कंडक्टर गड्यांना खाली उतरवायचा, बाया-पोरं नि टोपल्या तेवढ्या आत, आणि आम्ही मागून चालत. कपडे काढायची वेळ मात्र कधी आली नाही.

याच ब्लांशारची बायको सोफी. तिच्यावरचं 'लाइटर दॅन एअर' हे 2017 चं पुस्तकही ओसरीवर आहे. ही बाई जमिनीवर एवढी भित्री की घोडागाडीच्या खडखडाटाला दचकायची, आणि हवेत गेली की निर्धास्त. नेपोलियनच्या समारंभांत ती फुगा उडवायची. शेवटी 1819 च्या जुलैत पॅरिसमध्ये फुग्यातून आतषबाजी करताना ठिणगी पडली, हायड्रोजनने पेट घेतला आणि ती छपरावर आदळून खाली पडली. हे मी पोरांना सांगावं की नाही यावर माझं नि बायकोचं एकमत नाही. मी सांगतो. पोरं ऐकतात, थोडा वेळ गप्प बसतात, आणि फटाके किती लांबून उडवायचे यावर आपसांत चर्चा करतात.

चित्रपुस्तकांतल्या फुग्यांविषयी एक किरकोळ तक्रार नोंदवून ठेवतो. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा'च्या मुलांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीवर फुगा असतो. मूळ कादंबरीत फिलिआस फॉग एकदाही फुग्यात बसत नाही. तो फुगा 1956 च्या सिनेमातला आणि तिथून मुखपृष्ठांवर जाऊन चिकटला तो चिकटलाच. फॉग साहेब 1872 च्या ऑक्टोबरात मुंबईहून रेल्वेनेच निघाले, खानदेश ओलांडला आणि बऱ्हाणपूरला थांबले. म्हणजे भुसावळला गाडी डाव्या अंगाला वळली. नागपूरच्या रुळांना लागले असते तर मलकापूर, नांदुरा करत जलंबला आले असते, आणि जलंबहून खामगावचा फाटा तेव्हा होऊन दोन वर्षं झाली होती. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला आले होते, कापसासाठी. एका वळणाने आमचं गाव जागतिक वाङ्मयातून राहिलं. फुग्याने आले असते तर वारा जिकडे नेईल तिकडे जावं लागलं असतं, आणि काय सांगावं.

तर, मुख्य मुद्दा. एकदा पोरांनी विचारलं, आपल्याकडचं कोणी उडालं की नाही? मी सांगितलं, 1889 साली पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज मुंबईत आला, फुग्याने वर गेला आणि पॅराशूट घेऊन उडी मारली. तसाच तो कलकत्त्याला गेला, तिथे रामचंद्र चटर्जी या कसरतपटूने त्याच्याकडून विद्या घेतली आणि त्याच वर्षी एकट्याने फुगा उडवून दाखवला. अलीकडचं म्हणशील तर 26 नोव्हेंबर 2005 ला विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्याने निघाले, 21 किलोमीटरच्या वर जाऊन जागतिक विक्रम केला, आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला उतरले. विक्रमाचा आकडा मी दोनदा सांगितला. पोरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग एकाने विचारलं, "कोनाच्या वावरात?"

तेव्हापासून मी ही सगळी पुस्तकं नव्याने बघतोय. प्रत्येकात फुगा वर जाताना चार-पाच पानं असतात, रंगांची नुसती लयलूट. तो खाली येतो ते एका पानात, कधी अर्ध्या. पण वर गेलेली वस्तू खाली कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवरच येणार. आमच्या जिल्ह्याला हे सांगावं लागत नाही. आम्ही आभाळाकडे बघतो ते काय वर चाललंय यासाठी नव्हे, काय खाली येतंय यासाठी. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, पाऊस कसा, पीक कसं, याचं भाकीत ऐकायला लांबलांबून शेतकरी जमतात. आभाळाशी आमचा व्यवहार आवकेचा आहे.

आणि म्हणून मी गोनेसच्या बाजूने आहे.

गोनेस हे पॅरिसच्या उत्तरेचं गाव, गव्हाचं आणि पावाचं. 27 ऑगस्ट 1783 ला, म्हणजे मेंढीच्या आधी तीनेक आठवडे, प्राध्यापक चार्ल्स यांनी पॅरिसमध्ये हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला. रेशमी कापड, त्यावर रबराचं रोगण, व्यास चारेक मीटर. तो भरायला सुमारे पाव टन गंधकाम्ल आणि अर्धा टन लोखंडाचा कीस लागला. शहर लोटलं होतं, पावसातसुद्धा भारी पोशाखातल्या बाया हलल्या नाहीत म्हणे. पाऊण तासाने तो 21 किलोमीटरवर गोनेसला पडला. गावकऱ्यांनी बघितलं: आभाळातून काहीतरी आलं, फुसफुसतंय, हलतंय, घाण वास मारतंय. त्यांनी दाताळी आणली, भोसकून भोसकून त्याचा जीव घेतला आणि धूड घोड्याच्या शेपटीला बांधून रानभर फरपटवलं.

सगळी चित्रपुस्तकं इथे हसतात. गावकऱ्यांची तोंडं वासलेली, टोप्या उडालेल्या, एक म्हातारी गुडघ्यांवर. अडाणी! शहाणा चार्ल्स, शहाणं पॅरिस, आणि येडं गोनेस. मी विचारतो, त्यांना कुणी कळवलं होतं का? ज्या शहराने अख्खा दिवस घालवून फुगा वर सोडला, त्यातल्या एकालाही खाली कोण राहतं याची आठवण झाली नाही. वारा कुठे नेईल हे चार्ल्सलाही ठाऊक नव्हतं. न सांगता-सवरता माझ्या वावरात फुसफुसणारी चीज येऊन पडली तर मी आधी तिचा उपयोग विचारणार नाही. हाताशी जे असेल ते घेईन.

ऑगस्टअखेर म्हणजे आमच्याकडे पऱ्हाटी फुलोऱ्यात आणि सोयाबीन शेंगेत. तेव्हा हा फुगा चिखली-मेहकरच्या अंगाला पडला असता तर काय झालं असतं, याचा खेळ पोरांनी मांडला. एक तलाठी, एक पोलीस पाटील, दोघं पंच, एक शेतकरी, आणि जो सगळ्यात लहान तो चार्ल्स, कारण त्याला बोलायचं काम नव्हतं. पंचनामा माझ्या जुन्या रोजनिशीच्या कोऱ्या पानावर लिहिला गेला. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस चुलत्याचं शेत. चुलत्याशी वाद असल्यामुळे तिथली हद्द तपासूनच पुढे, असं तलाठ्याने ठरवलं आणि फुगा अर्धा तास तसाच पडून राहिला. मग नुकसानीचं कारण. अतिवृष्टी, गारपीट, वीज, पूर. फुगा बसेना. रानडुकराने केलेलं नुकसान असलं तर अर्ज वन खात्याकडे, पण फुग्याला पाय नाहीत. शेवटी 'आभाळातून' असं लिहून कंसात 'पुराशिवाय' टाकलं.

खरी अडचण टक्क्यांची. पिकाचं 33 टक्के नुकसान झालं तरच मदत, हे शेतकऱ्याच्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. चार मीटरच्या फुग्याने एकरातलं कितीसं मोडणार? पण तो बघायला जी गर्दी लोटली तिने उभं सोयाबीन तुडवलं, मोटारसायकली थेट वावरात घातल्या, आणि तीत भजीवाल्याचा गाडाही आला. 33 टक्के सहज भरले. तेव्हा मदत मिळायला फुगा निमित्त आणि गर्दी कारण. तलाठ्याने गर्दीचं नुकसान धरता येत नाही असं सांगितलं. शेतकरी रडवेला झाला, खरोखरच. ताटवाढीची हाक आली नसती तर चार्ल्सला मार बसला असता.

फ्रान्सच्या सरकारनेही पुढे काहीतरी केलं. फुगा फाटून गेल्यावर, म्हणजे सरकारी वेळेला, जाहीर सूचना निघाली. आशय असा की आभाळात काळवंडलेल्या चंद्रासारखा गोळा दिसला तर प्रजेने घाबरू नये. ते रेशमाचं नाहीतर हलक्या कापडाचं, कागद लावलेलं यंत्र आहे, त्यापासून काही अपाय नाही, आणि पुढेमागे ते समाजाच्या गरजांना उपयोगी पडेल. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला, पण ही भाषा अजून ताजी आहे. काय येणार ते सांगायचं, कधी ते नाही, आणि उपयोग पुढेमागे.

आणि अशी सूचना आमच्या भागासाठीही निघते! टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून हायड्रोजन भरलेले पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे सोडतात, 50 ते 85 मीटर व्यासाचे, आणि ते 30 ते 42 किलोमीटर उंच जातात. काम झालं की उपकरणं सुटतात आणि मोठ्या रंगीत पॅराशूटने खाली येतात, हैदराबादपासून साधारण 200 ते 350 किलोमीटरवर. त्यासाठी आधी जनतेला निवेदन: असं काही आढळलं तर उघडू नये, हलवू नये, काही उपकरणांत विजेचा दाब जास्त असतो. जवळच्या पोलीस ठाण्याला, पोस्टाला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावं. कळवणाऱ्यास योग्य बक्षीस. हे निवेदन मला गोनेसच्या सूचनेहून फार वरचढ वाटतं. ते आधी निघतं, आणि त्यात खालच्या माणसाला काही मिळतं.

तरी गर्दी चुकत नाही. 2022 च्या डिसेंबरात तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात अशा फुग्याबरोबर गेलेली एक भलीमोठी कुपी शेतात उतरली. एका स्पॅनिश कंपनीची, पुढे माणसांना वर न्यायच्या तयारीतली चाचणी. गावाने दाताळी आणली नाहीत, मोबाइल आणले. त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आभाळात जळते पट्टे सरकताना दिसले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची तीनेक मीटरची कडी पडली, रॉकेटची. तिला पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं. कडीने गुन्हा काय केला हे मला कळलेलं नाही, पण ठाण्यात नेलं की गावाला बरं वाटतं.

नकाशावर मी मुलांना पट्टी लावून दाखवलं. हैदराबादहून सरळ रेघ मारली तर बुलढाणा चारशे किलोमीटरच्या पलीकडे जातं, खामगावही हुकतं. लोणार मात्र साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे अगदी कडेवर. लोणारला आभाळातून आलेल्या वस्तूंचा अनुभव आहे. हजारो वर्षांपूर्वी एक अशनी तिथे उतरली, तिने पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचा खड्डा केला, त्यात खारं तळं साचलं, काठावर देवळं उभी राहिली आणि आता लोक सहलीला जातात. बघायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात. पंचनामा तेवढा राहिला.

रेघेकडे सगळ्यात जास्त वेळ बघत होता तो खेळातला शेतकरी. त्याने पट्टी उचलून पुन्हा लावली, जरा तिरकी, मग जरा सरळ. वारा हिवाळ्यात कोणत्या बाजूने असतो ते विचारलं. मी सांगितलं, उंचावरचा वारा वेगळा आणि खालचा वेगळा. त्याने ते काही मनावर घेतलं नाही.

"आबाजी, बक्षीस किती भेटते?"

आकडा निवेदनात नसतो, फक्त 'योग्य' असतं, हे मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला. त्याच्या मामाचं वावर लोणार तालुक्यात आहे, आणि मामा रब्बीत हरभरा पेरणार होते. माझा फोन मागून त्याने तिथल्या तिथे मामांना लावला, आणि नाल्याकडचं अर्धं एकर रिकामं ठेवायला सांगितलं.